कांदा-बटाटा विभाग, रात्री अडीच

मार्केट यार्डात माझी टपरी, चार बाय तीन.
चार्जर, कव्हर, स्क्रीनगार्ड,
आणि पन्नास रुपयांत गाण्यांचं कार्ड भरून.
पूर्वी कॅसेटी भरायचो.
बोटांना अजून पेन्सिल फिरवायची सवय आहे,
फिरवायला काही नाही, एवढंच.

मंचरच्या गाड्या खाली झाल्या
की हमाल चहाला येतात
आणि कालचं भांडण
कालच्याच शब्दावरून पुढं सुरू होतं.

एका बाजूला तोलणार बाबाजी थिटे.
त्यांची हौसाबाई निमगावकरीण.
"बसून गायची," ते म्हणतात. "एका जागी.
चाळ मुके. भुवई तेवढी उचलायची,
की पहिल्या रांगेतला पाटील
उगाच फेटा सावरायचा."

दुसऱ्या बाजूला सोमेश. क्रिकेटची जर्सी,
एका कानात इअरफोन, दुसरा हरवलेला.
त्याची मोनिषा. धूर, लाइट,
नऊवारी आहे, पण चेनची.
"तुमची बाई अर्धा तास एकाच ओळीवर.
राया येणार कधी?
आमचा राया तीन मिनिटांत येतो, नाचतो, जातो.
पन्नास किलोची गोणी
आलापावर उचलून दाखवा की, बाबाजी."

"तुझी ती लाजते का रं कुठं?" बाबाजी म्हणतात.
"लाजायला वेळ लागतो."

मी कुणाच्याच बाजूचा नाही.
माझ्याकडं दोन फोल्डर आहेत, जुनं आणि नवं.
नवं खपतं.
जुनं मी माझ्याच कॅसेटवरनं उतरवलंय,
त्यात मधेच कुत्रं भुंकतं
आणि कुणीतरी ओरडतं, "पुन्हा एकदा!"
बाबाजी म्हणतात, तो आवाज त्यांचा.
यार्डात आणखी सहा जण तेच म्हणतात.

परवा मी जुनं लावलेलं असताना
फोन चार्जिंगला लावायला गेनूबा वायदंडे आला.
लसणाच्या गाळ्यावर निवडायला बसतो,
कुणाशी फार बोलत नाही.
उभ्या उभ्या ऐकत होता. एकदम म्हणाला,
"हितं. परत लाव."

परत लावलं. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.
"तेच," गेनूबा म्हणाला.
"दम घेत होती ती.
माझा हात वर होता.
तिच्या छातीत वारा भरला, मग पाडली थाप."

ढोलकी त्याची होती.
आठ वर्षं शेजारी लसूण निवडतोय,
आम्ही कधी विचारलंच नाही
की बोटं अशी का वळलीत.

सोमेशनं हळूच नवं लावलं. गेनूबा हसला.
"ह्यातबी मीच.
कानात टिकटिक, समोर काच.
पोरगी म्हणं नंतर आली, गाऊन गेली,
मी पाहिली नाही तिला.
माझ्या चार थापा घेतल्या,
त्याच चिकटवत नेल्या पार शेवटापर्यंत."

बाबाजींची छाती फुगली.
सोमेश इअरफोनच्या वायरीची गाठ सोडवत बसला,
तिला गाठ नव्हती.

"पण पैसे," गेनूबा म्हणाला, "त्याच संध्याकाळी हातात.
हौसाबाईकडं माझे दोन सीझन बाकी हायती.
ती गेली. आता कुणाला मागू?"

मग कुणीच काही बोललं नाही.
बाबाजींनी वजनकाट्यावरची माती
नखानं खरवडली, जशी ती आजच दिसली.

शिरूरची गाडी लागली. सगळे उठले.
फळीवर वाकलेल्या सोमेशच्या पाठीवर
वरून गोणी उतरत होती,
त्यानं श्वास घेतला, थोडा जास्तच,
आणि मी पाहिलं, पलीकडं लसणाच्या ढिगावर
गेनूबाचा हात वर थांबलेला.
गोणी बसली.
हात खाली आला.

पहाटे काटा बंद करून बाबाजी आले.
कार्ड पुढं केलं, इकडंतिकडं बघितलं.
"त्या पोरीचं एक भर.
एकच.
त्या चार थापा कुठल्या, ते ऐकायचंय."
मी पन्नास रुपये घेतले.
ओळखीत सूट देत नाही.